सातघराची तिसरी भिंत

जमनाबाई राठोड माझ्या क्लासमध्ये पहिल्यांदा आली ती एका मंगळवारी सकाळी, हातात फुटक्या फोटोफ्रेमच्या काचा घेऊन. चौदा मुली कीबोर्डवर बोटं आपटत होत्या. परीक्षा बारा दिवसांवर आलेली. तिने दारातच चपला काढल्या, कोणाकडे न बघता सरळ डावीकडच्या भिंतीपाशी गेली आणि तिथलं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं.

"मॅडम, हे फट कवाची?"

कॅलेंडरमागे फट आहे हेच मला ठाऊक नव्हतं. छतापासून निघून माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंत आलेली, नखाएवढी रुंद. तिने त्यात काडी घातली. काडी चार बोटं आत गेली.

"जुनी असेल," मी म्हटलं. "घरच जुनं आहे."

"जुनी फट आतून काळी राह्यते मॅडम, तिच्यात जाळं राह्यते. हे पाहा, चुना कसा पांढरा दिसून राह्यला. हे कालची नाई तं परवाची."

मी नीलिमा. कारंज्यात सातघर नावाच्या ओळीत, चौथ्या घराच्या माडीवर अकरा वर्षं टायपिंगचा क्लास चालवते. सातघर म्हणजे एकाला एक लागून उभी असलेली सात घरं. कापसाचा व्यापार करणाऱ्या सात भागीदारांनी ती शे-सव्वाशे वर्षांपूर्वी एकाच वेळी बांधली. प्रत्येक घर सोळा फूट रुंद आणि सत्तर फूट खोल. खाली गादी, मधल्या चौकात कापसाचे नमुने, वर माडीवर बिऱ्हाड आणि सगळ्यात वर मातीचं धाबं. रस्त्यावरून पाहिलं तर सात दारं, सात ओटे. पण दोन घरांच्या मध्ये भिंत एकच. दोन फूट जाड, गुडघ्यापर्यंत दगड, त्यावर चुन्यात बांधलेली वीट. दोन्हीकडच्या सागवानी तुळया दोन्ही बाजूंनी त्याच भिंतीत शिरलेल्या.

कापूस पुढे गावाबाहेर जिनिंगला गेला आणि घरांना मिळेल ते काम लागलं. एकात पोस्ट होतं, एकात दवाखाना. माझ्या माडीवर कधीकाळी प्राथमिक शाळेचे वर्ग भरत. रंगाचे पोपडे निघाले की खालून सतराच्या पाढ्याचे आकडे दिसतात. आता पहिल्या घरात पिठाची गिरणी आहे, सातव्यात लिलाबाईची खानावळ. दुसरं बरीच वर्षं बंद होतं. तिसऱ्यात उत्तमराव आणि गोजराबाई यांचं बी-बियाण्यांचं दुकान. गावाच्या कडेला भाजीपाल्याचा मळा पिकवणारं हे कुटुंब. दुकान मुलगा आदर्श बघतो. त्याच हिवाळ्यात आदर्शने दुसरं घरही विकत घेतलं. दोन्ही घरांच्या मधली भिंत काढून बत्तीस फुटांचं एकच मोठं दुकान करायचं आणि गुढीपाडव्याला उघडायचं, असं त्याने ठरवलं होतं.

पहिल्या घराची बाहेरची भिंत धरून मोजलं तर ही मधली भिंत ओळीतली तिसरी, आणि माझ्या डाव्या हाताची चौथी. जमनाबाई तीच फोडायच्या कामावर होती. आदल्या दिवसापर्यंत.

ती मानोऱ्याकडच्या एका तांड्यातली. लग्नानंतरची बरीच वर्षं दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर, किशनबरोबर, ऊसतोडीला गेली. मग पुण्याकडे बांधकामावर. आमच्याकडे या धंद्यात पुरुष मिस्त्री असतो आणि बाई रेजा. रेजाने विटा डोक्यावर वाहायच्या, माल कालवायचा, आणि मिस्त्रीने मागितलं की हातात द्यायचं. जमनाबाई जेवणाच्या सुट्टीत थापी हातात घ्यायची. तिकडे एका जुन्या देवळाच्या दुरुस्तीवर तिला दोन वर्षं काम मिळालं आणि तिथे ती चुना शिकली: तो किती दिवस भिजवायचा, किती मळायचा, भिंतीला किती पाणी पाजायचं. किशनचे गुडघे गेले तेव्हा दोघं परत आली. तो तांड्यावर शेळ्या बघतो, ती कारंज्यात मिळेल त्या कामावर येते. भिंत सरळ कशी चढवायची हे तिला चांगल्या मिस्त्रीएवढं येत होतं, पण पंचेचाळीस वर्षांची होऊनही हजेरीत ती रेजाच होती.

सोमवारी काय झालं ते तिने मला काचा चिकटवता चिकटवता सांगितलं.

ठेकेदार धरमसिंगने भिंत फोडायला घेतली होती. भिंतीच्या जागी वरच्या तुळया पेलायला दोन लोखंडी गर्डर यायचे होते, पण अकोल्याहून येणारी गाडी गुरुवारपर्यंत येणार नव्हती. पाडव्याची घाई होती, म्हणून धरमसिंगने चार-सहा बल्ल्यांचे, म्हणजे लाकडी वाशांचे, टेकू दिले आणि ब्रेकर मशीन चालू करायला सांगितली.

"म्या म्हटलं, भाऊ, गर्डर आंधी चढवा, मंग भिंत काढा. तं तो म्हने, तुले इंजिनेर कोनं केलं? घमेलं उचल."

"मग?"

"नाई उचललं."

तिने आदर्शलाही सांगून पाहिलं होतं. तो दुकानाच्या ओट्यावर उभा होता. "मावशी, दोन्ही घरं माह्या नावावर हायेत," तो म्हणाला होता, "मंग मधातली भिंत कोनाची?"

"भिंत तुमचीच हाय बापू. पन तिच्या भरोशावर बाकीची उभी हायेत."

त्याने हसून धरमसिंगकडे पाहिलं. धरमसिंगने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

तर ती दुसऱ्या दिवशी आली ती माझ्याकडे. तिसरी भिंत कापल्यावर तिसऱ्या घराच्या तुळयांचं एक टोक सैल पडलं होतं आणि दुसरं टोक माझ्या भिंतीत होतं. तुळई तिकडे खाली बसली की इकडे भिंत उचकटते. हे तिने मला दोन पट्ट्या हातात धरून दाखवलं. मग फटीवर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या आडव्या लावून दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केली आणि प्लास्टरवर पेन्सिलीने वार लिहिला.

"काचेले वाकता येत नाई," ती म्हणाली. "भिंत केसभर हालली तं काच तुटीन. तुटली का मले आवाज द्या. मी समोरच हाय."

"समोर म्हणजे?"

समोर म्हणजे गल्लीपलीकडच्या पायरीवर. मंगळवारी दिवसभर ती तिथे बसून राहिली. बुधवारीही. भाकरीचं फडकं मांडीवर, नजर सातघराच्या माथ्यावर. तिला कोणी बसवलं नव्हतं, कोणी मजुरी देणार नव्हतं. मशीनचा आवाज सुरू झाला की ती उठून उभी राहायची, बंद झाला की बसायची. बुधवारी मी चहा घेऊन खाली गेले आणि विचारलं, "काहून बसता असं? सांगितलं ना तुम्ही सगळ्यांना."

तिने चहा बशीत ओतला, पण प्याली नाही.

"पुन्याकडं एका साईटवर पायाचा खड्डा होता. त्याची कड भेगलेली दिसली मले. म्या मुकादमाले सांगतलं. तो म्हने, आपलं काम कर. म्या केलं. दुपारून कड बसली. खाली दोघं होते. एक आमच्या तांड्याची संगीता." तिने बशी पायरीवर ठेवली. "म्या सांगतलं होतं, असं लय वर्स मनाले समजावलं. पन सांगून म्या घमेलं उचललंच ना मॅडम."

मी वर आले. काचा तिन्ही शाबूत होत्या. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येऊ लागला होता. त्या दिवसभर डोळ्यांसमोर. मुलींनी त्यांना 'जमनाबाईचे चष्मे' असं नाव ठेवलं होतं. क्लास चार दिवस बंद ठेवावा असं मनात येई आणि लगेच परीक्षा आठवे. मानोऱ्याहून, मेडशीहून एसटीने येणाऱ्या मुली, त्यांच्या घरच्यांनी मोठ्या मुश्किलीने दिलेली परवानगी. संध्याकाळी आदर्श वर आला, काचांवर टिचकी मारली आणि म्हणाला, "काय झालं मॅडम? काईच नाई ना. त्या बाईले कामावरून काढलं म्हून ते लोकायले भेव दाखवून राह्यली." मी त्याला विरोध केला नाही. उलट थोडं बरं वाटलं.

गुरुवारी सकाळी अकराला मशीन सुरू झाली. मी मुलींना मराठीचा उतारा लावून दिला आणि घड्याळ पाहत उभी राहिले. चौदा कीबोर्ड एकदम चालू असले की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज होतो. त्या आवाजातही मला 'टक्' ऐकू आलं.

वरच्या काचेत आडवी रेघ पडली होती.

मी खिडकीशी धावले. हाक मारायची गरज पडली नाही. माझा चेहरा पाहूनच ती उठली. जिना चढून ती वर येईपर्यंत दुसरी काच तुटली. तिने तळहात भिंतीला लावला, कान लावला. फटीतून बारीक रेती झरत होती आणि फरशीवर तिची चिमूटभर रास झाली होती. जमनाबाईचा आवाज एकदम खाली आला.

"मॅडम, पोरींना उठवा. दप्तरं राहू द्या. जिन्यानं नाई जायाचं."

"का?"

"जिना ह्याच भिंतीले लागून हाय."

आमचा जिना अरुंद, लाकडी, त्याच भिंतीच्या पोटात टेकलेला. चौदा मुली एकदम त्यावरून उतरल्या असत्या तर काय झालं असतं याचा विचार मी अजूनही करत नाही. मागच्या खोलीतून धाब्यावर जायला एक शिडीवजा जिना होता, पाचव्या घराच्या बाजूला. "एकीमागं एक," ती म्हणाली, "पयायचं नाई. पाय आपटायचा नाई." ती दाराशी उभी राहून प्रत्येकीच्या पाठीला हात लावत मोजत होती.

धाब्यावर ऊन होतं. सातही धाबी एका सपाटीत, दोन घरांच्या मध्ये फक्त कमरेएवढा कठडा. पाचव्यावर जायचं, सहाव्यावर जायचं आणि सातव्याच्या, लिलाबाईच्या जिन्याने उतरायचं. मुली ओढण्या-सलवारी सावरत कठडे ओलांडू लागल्या. पलीकडे गेलेली मागचीला हात देत होती. खाली मशीन चालूच होती आणि तिची थरथर पायांना कळत होती.

मंजू मागे राहिली. ती मानोऱ्याची, सातवा महिना लागलेला; बाळंतपणाआधी परीक्षा उरकायची म्हणून हट्टाने येत होती. पहिल्या कठड्यापाशी ती थांबली. "मला नाही जमणार मॅडम, मी जिन्याने जाते," असं म्हणून ती वळलीसुद्धा.

जमनाबाईने तिचा दंड धरला. मग स्वतः कठड्याला लागून गुडघे आणि हात टेकून बसली.

"माह्या पाठीवर पाय ठेव."

"तुम्ही मोठ्या आहात, मी कशी..."

"पन्नास किलोचं पोतं वाह्यलं ह्या पाठीनं. ठेव पाय. मॅडम, तिकडून धरा."

मंजू रडत तिच्या पाठीवर चढली, मी पलीकडून तिला कवेत घेतलं. दुसऱ्या कठड्यावर तसंच. तिसऱ्यावरही. सातव्या धाब्यावर लिलाबाई पिठाने भरलेल्या हातांनी दार उघडून उभी होती. मी मुली मोजल्या. चौदा. वाकून पाहिलं तर जमनाबाई आमच्याआधीच लिलाबाईच्या जिन्याने उतरून खाली गल्लीतून पळत होती.

मी गल्लीत पोचले तेव्हा तिने तिसऱ्या घराच्या दारातली वायर ओढून मशीन बंद केली होती. आत चार मजूर होते. त्यातले रीता आणि बादल हे नवरा-बायको तिच्याच तांड्याचे. ती त्यांच्याशी गोरमाटीत, त्यांच्या तांड्याच्या बोलीत, काहीतरी बोलली, दोनच वाक्यं. रीताच्या हातातलं घमेलं खाली पडलं. धरमसिंग चहाला गेला होता. आदर्श दुसऱ्या घरातून तावातावाने आला.

"काम बंद करायचं तुले कोनं सांगतलं? गाडी दुपारून येऊन राह्यली!"

"बापू, चौथी भिंत सुटून राह्यली. तुमी भाईर व्हा."

"माह्या दुकानातून मलेच भाईर काढतं?"

"आदर्श."

ओट्यावर गोजराबाई उभी होती. मळ्यातून मुलाचा डबा घेऊन आलेली, पदर कमरेला खोचलेला. तिने आत पाहिलं, वरच्या तुळयांकडे पाहिलं. तिच्या नजरेला काय दिसलं कोण जाणे. "भाईर ये," ती म्हणाली. तो हलला नाही तेव्हा ती डबा खाली ठेवून आत गेली आणि मनगट धरून त्याला ओढत बाहेर आणलं, लहान पोराला आणावं तसं. सगळ्या गल्लीसमोर.

जमनाबाई बाहेर आली नाही.

तुळयांना माझ्या भिंतीच्या बाजूने टेकू लागले तर ती भिंत वाचेल, नाही तर चौथं घर जाईल, आणि चौथं गेलं की पाचवं. दारात बल्ल्या पडलेल्या होत्या. तिने चौघांना स्पष्ट सांगितलं, "ज्याले जायाचं तो जा." एक गेला. रीता, बादल आणि आणखी एक जण असे तिघं थांबले. बादलने बल्ली उभी धरायची, रीताने खाली फळी सरकवायची, जमनाबाईने वर पाचर ठोकायची. एक. दोन. तीन. आम्ही बाहेरून हातोडीचे ठोके ऐकत होतो. मधेच लाकूड कण्हल्यासारखा आवाज यायचा, ठोके थांबायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. गोजराबाई ओट्याखाली उभी राहून हात जोडत होती. आदर्शचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याला शिव्या देणार होते, पण थांबले. काल संध्याकाळी मीही गप्पच राहिले होते.

सहाव्या बल्लीला ती पाचर ठोकत असताना दुसऱ्या घराची माडी बसली.

आवाज मोठा नव्हता. धडाड असं काही नाही; खूप मोठं पोतं कोणीतरी टाकावं तसा. मग दोन्ही दारांतून धूळ बाहेर आली आणि गल्ली दिसेनाशी झाली. रीताची किंकाळी ऐकू आली. लोक आत धावले. मीही धावले.

तिसऱ्या घरात चौघं उभी होती, केसांपासून पायांपर्यंत पांढरी. टेकू जागेवर होते. माझी भिंत जागेवर होती. जमनाबाई सहाव्या बल्लीला टेकून उभी होती, डावा हात वर. तुळई दोन बोटं खाली आली होती आणि पाचर व तुळईच्या मध्ये तिची दोन बोटं सापडली होती. बादलने सब्बल, म्हणजे पहार, घालून तुळई उचलली तेव्हा कुठे तिने ओठ उघडले.

"कोनी खाली राह्यलं का?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "सगळे बाहेर आहेत."

मग ती खाली बसली.

वाशीमला तिचं एक बोट काढावं लागलं, दुसरं वाचलं पण वाकत नाही. ती दवाखान्यात असताना गावात दोन गोष्टी पसरल्या. एक, की तिने चौदा पोरी वाचवल्या. दुसरी, की तिनेच राग काढायला टेकू ढिले केले. दुसरी धरमसिंगने पसरवली होती आणि आठवडाभर त्या अफवेला गिऱ्हाईकही मिळालं. नगरपालिकेच्या माणसापुढे मी तुटलेल्या काचा ठेवल्या. प्लास्टरच्या तुकड्यांसकट, त्यांवर पेन्सिलीने मंगळवार असं लिहिलेलं. रीता आणि बादलने जे पाहिलं ते सांगितलं. आदर्शला विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "बाईनं मले आंधीच सांगतलं होतं." त्यानंतर धरमसिंग सातघरात दिसला नाही.

उत्तमराव दवाखान्यात भेटायला गेले. फारसं न बोलणारा माणूस. मळ्यातल्या मेथीच्या दोन जुड्या कॉटवर ठेवून म्हणाले, "भिंत परत उभी करायची हाय. तुमीच करा."

"रेजा म्हून का मिस्त्री म्हून?" तिने विचारलं.

"मिस्त्री म्हून."

"मंग माह्यं आयका. भिंत पुरी चढीन. मधात कमानीचं दार देतो, चार फुटाचं. त्याच्यावर एक इंच नाई. सिमीट नाई, चुना. आन काम पोहरादेवीच्या नंतर. रामनवमीले मी तांड्यासंगं जाईन."

ती गेली. हाताला पट्टी बांधून, यात्रेच्या गर्दीत, किशनला दुखऱ्या गुडघ्यांसकट बरोबर घेऊन. परत आल्यावर चुना मळायचा घाणा लावला. आदर्शला अक्षय्य तृतीयेला दुकान उघडायचं होतं. ती म्हणाली भिंत ओली आहे. मग पेरणीआधी तरी, असं तो म्हणाला, कारण बियाण्याचं दुकान मृगात बंद ठेवणं म्हणजे वर्षच बुडणं. ती रोज सकाळी भिंतीला तळहात लावायची आणि मान हलवायची. तो दात-ओठ खात परत जायचा. तिला 'मिस्त्री' म्हणताना अजूनही त्याची जीभ अडखळते. दुकान एक न होता दोन खोल्यांचं झालं याची कुरबुर तो आजही करतो. मृगाच्या आठ दिवस आधी तिने टेकू काढले, एकेक करून, प्रत्येकानंतर अर्धा दिवस थांबून.

माझ्या मुली परीक्षा खानावळीच्या खोलीत सराव करून पास झाल्या, दोघी सोडून. मंजूला मुलगी झाली. माझा क्लास आता माडीवरच आहे, पण जिना उजव्या बाजूला हलवून घेतला आहे.

जमनाबाईकडे आता सहाव्या घराची मागची भिंत आहे. रीता तिच्या हाताखाली थापी धरायला शिकते आहे. परवा मी तिकडून जात होते तेव्हा रीताने सकाळपासून चढवलेले विटांचे तीन थर जमनाबाईने ओळंबा लावून पाहिले आणि काढायला लावले. रीता रागाने लाल झाली होती.

"एवढंसं तं वाकडं हाय," ती म्हणाली.

"मंग एवढंसंच काढ," जमनाबाई म्हणाली आणि चुना मळायला बसली.